जुन्या आउटबोर्ड हायड्रोप्लेन रेसरच्या आठवणी कशा उतरवून घ्यायच्या, आणि त्याचं इंजिन पुसायच्या आधी काय बघायचं

आम्ही राहतो विस्कॉन्सिनमधे, मिलवॉकीच्या उत्तरेला. शेजारी एक आजोबा आहेत, नव्वदी पार केलेले. त्यांच्या गॅरेजमधे मागच्या भिंतीला एक चपटी प्लायवूडची होडी उलटी टांगलीय आणि खाली स्टँडवर हिरवट रंगाची मोटर, वर गोधडी टाकलेली. पहिली दोन वर्षं मी ती मासेमारीची होडी समजत होतो. एकदा त्यांच्याकडे बर्फ काढायला गेलो, गोधडी सरकली, आणि जो वास आला ना तो एरंडेलाचा, लहानपणी आजी सकाळी चमच्यात घेऊन मागे लागायची तोच. मोटरीला एरंडेलाचा वास का येतोय हे विचारलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

हा भाग म्हणजे आउटबोर्ड मोटरीचं, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायच्या मोटरीचं, माहेरच. ओले एव्हिनरूडने १९०९ मधे मिलवॉकीतच आपली मोटर विकायला काढली, आणि कार्ल कीकहेफरने १९३९ मधे सीडरबर्गला बंद पडलेला कारखाना घेऊन मर्क्युरी ही मोटरींची कंपनी सुरू केली. सीडरबर्ग आमच्या घरापासून कारने वीस मिनिटं. त्यामुळे इथल्या कितीतरी गॅरेजमधे असा माल पडून आहे आणि ज्यांनी तो चालवला ती माणसं भराभर चाललीयत. तुमच्या शेजारी, कामावर, जिथे कुठे असा कोणी असेल तर त्याच्या आठवणी नीट कशा उतरवायच्या हे मी गेल्या तीन वर्षांत चुकत चुकत शिकलोय, ते सांगतो.

आधी खेळ काय होता ते समजून घ्या, नाहीतर प्रश्नच विचारता येणार नाहीत. आउटबोर्ड हायड्रोप्लेन म्हणजे नऊ-दहा-अकरा फुटांची हलकी होडी, पुढे दोन्ही बाजूंना दोन पाय असतात त्यांना स्पॉन्सन म्हणतात, मागे उघडी मोटर. वेग आला की त्या दोन स्पॉन्सनची टोकं आणि मागे पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारा प्रोपेलर, एवढंच पाण्याला लागतं, बाकी सगळी होडी हवेच्या गादीवर. ही तीन टेकूंची कल्पना १९३० च्या दशकात न्यू जर्सीतल्या व्हेंटनरच्या अ‍ॅपेल बापलेकांनी रुळवली, त्याआधी तळाला आडवी पायरी असलेल्या होड्या असायच्या. ड्रायव्हर सीटवर बसत नाही, गुडघ्यांवर असतो, एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने दाबून धरायचा थ्रॉटल. हात सुटला की इंजिन लगेच खाली येतं, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर होडी सुसाट जाऊ नये. क्लास ठरायचा तो इंजिनाच्या आकारावरून, घन इंचात: ए म्हणजे साधारण १४-१५, बी २०, सी ३०, डी ४०, एफ ६०. आपल्या हिशोबात सांगायचं तर बी क्लास म्हणजे सव्वातीनशे सीसीच्या आसपास, बुलेटच्या इंजिनापेक्षा थोडं लहानच, पण ते एका प्लायवूडच्या फळीवर गुडघे टेकून.

आता बसायचं कसं ते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोबाईल टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं की तुमच्या रेसिंगच्या आठवणी सांगा. दहा मिनिटांत सगळं संपलं. मजा यायची, मित्र चांगले होते, पाणी थंड असायचं, बास. चूक त्यांची नव्हती, एवढा मोठा प्रश्न विचारल्यावर कोणीही असंच बोलेल. दुसऱ्या वेळी मी गॅरेजमधेच खुर्च्या टाकल्या आणि होडीवरून निघालेलं थ्रॉटलचं हँडल त्यांच्या हातात दिलं. त्यांची मूठ आपोआप आवळली, अंगठा जिथे जायचा तिथे गेला, आणि त्यांनी मान डावीकडे वळवली कारण वळणं सगळी डावीकडची असायची. मग दीड तास बोलत होते. तेव्हापासून मी रिकाम्या हाताने बसतच नाही. दरवेळी एकच वस्तू, एकच बैठक, तासाभराच्या वर नाही. एकदा हेल्मेट, एकदा प्रोपेलर, एकदा ट्रॉफी (ट्रॉफीवर सगळ्यात कमी बोलले, हे लक्षात ठेवा, बक्षिसांपेक्षा हत्यारांवर लोक जास्त बोलतात).

प्रश्न लहान ठेवा. होडी पाण्यात कोण सोडायचं? दोरी कोण ओढायचं? हा प्रश्न साधा वाटतो पण त्यातूनच खरी गोष्ट निघते, कारण या रेसिंग मोटरींना न्यूट्रल नसायचं, इंजिन पेटलं की प्रोपेलर फिरलाच. म्हणून पिटमधली, म्हणजे किनाऱ्यावर होड्या तयार करायच्या जागेतली, पोरं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून होडीची मागची बाजू उचलून धरायची, फ्लायव्हीलला (इंजिनावरचं जड चाक) दोरी गुंडाळून ओढायची, इंजिन लागलं की मागचं टोक खाली सोडायचं आणि होडी हातातून निसटायची. ज्याचे पाय त्या प्रोपेलरजवळ असायचे तो माणूस कोण होता, हे नाव विचाराच. आमच्या आजोबांच्या बाबतीत तो त्यांचा धाकटा भाऊ निघाला, आणि भावाचा विषय त्या दिवसापर्यंत कधी आलाच नव्हता.

स्टार्टबद्दलही विचारा. यात हिरवा झेंडा पडला आणि निघाले असं नसतं. किनाऱ्यावर एक मोठं घड्याळ असतं, ते शेवटचा एक मिनिट दाखवतं, होड्या आधीच पाण्यात फिरत असतात आणि काटा शून्यावर येताना पूर्ण वेगात लाइन ओलांडायची. सेकंदभर आधी गेलात तर हीट, म्हणजे रेसची ती फेरी, गेली. त्यामुळे प्रत्येक जुन्या रेसरच्या डोक्यात त्या शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांचा हिशोब पक्का असतो, कुठल्या झाडापाशी पोचलो की थ्रॉटल पूर्ण दाबायचा वगैरे. आजोबांनी मला एका तळ्याचा नकाशाच काढून दिला, त्यावर एक चर्च, एक बोटहाउस आणि एक वाकडं झाड. असा कागद मिळाला तर जपून ठेवा, त्यावर तारीख आणि कोणी काढला ते मागच्या बाजूला पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नको.

शब्दांत फसू नका. हे लोक प्रोपेलरला व्हील म्हणतात. मी पहिल्या रेकॉर्डिंगमधे पूर्ण वेळ समजत होतो की ते स्टिअरिंग बदलल्याचं सांगतायत, आणि विचार करत होतो की एका दिवसात चार स्टिअरिंग कशाला लागतात. अल्की म्हणजे मिथेनॉलवर चालणारी इंजिनं. बीन ऑइल म्हणजे आपलं एरंडेल, कारण एरंडीची बी. पेट्रोलमधे घालायचं साधं खनिज तेल मिथेनॉलमधे नीट मिसळत नाही, एरंडेल मिसळतं, आणि जास्त तापमानात धातूला धरून राहतं, म्हणून रेसिंगवाले तेच घालायचे. तो वास त्यांच्या डोक्यात असा बसलाय की बाटलीचं बूच उघडून नुसती समोर धरली तरी गोष्टी निघतात. मी इथल्या देशी दुकानातून एरंडेलाची बाटली नेली होती. आजोबांनी ती हुंगली, डोळे मिटले आणि थेट एका पावसाळी रविवारच्या हीटपासून सुरुवात केली.

आता तारखा. माणूस सत्तर वर्षांपूर्वीचं सांगतो तेव्हा साल चुकणारच, आणि इथे इंजिन तुमच्या मदतीला येतं. आजोबा ठामपणे म्हणायचे की त्यांची पहिली रेस १९४८ ची आणि मोटर मर्क्युरी केजी-७. पण केजी-७ बाजारात आली १९५० च्या आसपास, १९४८ मधे असायची तिच्या आधीची केई-७, जी कागदावर दहा हॉर्सपॉवरची होती आणि पाण्यात त्याहून खूप जास्त जोर लावायची. म्हणजे एकतर साल चुकलंय किंवा मोटर. मी तिथल्या तिथे त्यांना दुरुस्त केलं नाही, आणि तुम्हीही करू नका, माणूस खट्टू होतो आणि पुढचं सगळं जपून जपून बोलतो. वहीत दोन रकाने ठेवा, एकात ते काय म्हणाले जसंच्या तसं, दुसऱ्यात वस्तू काय म्हणते. पुढे एका फोटोत त्यांच्या हाताखाली खरंच केई-७ दिसली, म्हणजे साल बरोबर होतं आणि ते सांगत होते ती केजी-७ नंतरची होती. मी घाईने साल खोडलं असतं तर उलटंच झालं असतं.

फोटोवरून काळ ओळखायच्या खुणा सांगतो. दोन सिलिंडर आडवे समोरासमोर आणि वर उघडं फ्लायव्हील दिसलं तर बहुतेक जॉन्सन किंवा एव्हिनरूडचं युद्धाआधीचं इंजिन. असे चार सिलिंडर दिसले तर एल्टोच्या ४-६० सारखं एफ क्लासचं धूड. १९४२ ते १९४५ रेसिंग जवळपास ठप्पच होतं, अ‍ॅल्युमिनियम आणि कारखाने दोन्ही युद्धाच्या कामाला, कीकहेफर तेव्हा सैन्यासाठी दोन माणसांनी चालवायच्या चेनसॉ बनवत होता. गडद हिरवी मर्क्युरी म्हणजे युद्धानंतरची ते १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची, आणि नावामागे एच असेल, मार्क २०एच, ३०एच, ५५एच, तर ती कारखान्यातूनच रेसिंगसाठी निघालेली. सहा सिलिंडरची उंचच उंच मार्क ७५एच दिसली तर १९५० च्या दशकाचा शेवट, याच मोटरीवर सिएटलच्या ह्यू एन्ट्रॉपने १९५८ मधे लेक वॉशिंग्टनवर ताशी १०७ मैलांच्या वर वेग नेला होता. चपट्या इंजिनावर रबरी दातेरी पट्टा फिरताना दिसला तर तो बर्लिनच्या डीटर कोनिगचा माल, १९६० आणि ७० च्या दशकात अल्कीवाल्यांमधे त्याचं राज्य होतं. (मोटरसायकलवाल्यांसाठी: हेच होडीचं कोनिग इंजिन बाइकमधे बसवून किम न्यूकोम १९७३ च्या ५०० सीसी जागतिक स्पर्धेत दुसरा आला होता. आपल्याकडे दुसऱ्याचं इंजिन तिसऱ्यात बसवणारे हात गल्लोगल्ली आहेत, त्यांना याचं मोल कळेल.) फुगीर पोटाचे एक्झॉस्ट पाइप दिसले तर १९६० च्या दशकाच्या शेवटाकडचं किंवा नंतरचं धरा, त्याआधी साधे कर्ण्यासारखे तोंड उघडे पाइप असायचे.

होडीवरचा नंबरही बोलतो. अंकाजवळचं अक्षर प्रदेशाचं असतं, आर म्हणजे वॉशिंग्टनकडचा वायव्य भाग, सी म्हणजे कॅलिफोर्निया. आणि यूएस-१ लिहिलेलं असेल तर तो माणूस आदल्या मोसमाचा त्या क्लासचा राष्ट्रीय चॅम्पियन, मग नाव शोधणं सोपं होतं. मागची जागाही बघा. सिएटलजवळच्या सॅमॅमिश स्लूमधली रेस १९३० च्या दशकात सुरू होऊन १९७६ पर्यंत चालली, अरुंद वळणावळणाचा ओढा, होड्या काठावर चढून गवतात जायच्या, पण १९६० च्या दशकात तो ओढा खोदून सरळ केला. तेव्हा फोटोत घट्ट वळण असेल तर बहुतेक त्याआधीचा. हडसन नदीवर ऑल्बनीहून न्यूयॉर्कपर्यंत सुमारे १३० मैलांची मॅरेथॉन व्हायची, तिथला फोटो असेल तर ड्रायव्हर अंगावर थरावर थर चढवून बसलेला दिसतो.

रंगीत प्रिंटच्या पांढऱ्या कडेला महिना आणि साल छापलेलं असतं ते बघा, फक्त ती धुलाईची तारीख असते, काढल्याची नाही, रोल वर्षभर कॅमेऱ्यात पडून राहू शकतो. घरची फिल्म असेल आणि सुपर ८ असेल तर ती १९६५ च्या आधीची असूच शकत नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म खराब व्हायला लागलीय, ती आधी स्कॅनिंगला द्या. आणि माळ्यावरच्या जुन्या प्रोजेक्टरवर कधीही लावू नका, आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते.

आता इंजिन, आणि इथे मी एक चूक केलीय ती मनापासून सांगतो. आजोबांच्या पेटीत पितळी दोन पात्यांचे पाच प्रोपेलर होते, काळे पडलेले. त्यांना आनंद व्हावा म्हणून मी एक घरी आणून पॉलिश लावून आरशासारखा चकचकीत केला. दिला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठा मधल्या तुंब्यावरून फिरवला आणि म्हणाले, इथे लिहिलेलं होतं. त्या काळ्या थरावर त्यांनी स्वतः काहीतरी खरडून ठेवलं होतं, कुठल्या तळ्यावर कुठल्या पाण्यात हा चालतो ते. ते गेलं. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं. म्हणून सांगतो, पुसायच्या आधी फोटो. चारही बाजूंनी, तिरप्या उजेडात, म्हणजे टॉर्च बाजूने धरून, कानशीचे ओरखडेसुद्धा दिसले पाहिजेत कारण प्रोपेलर बनवणाऱ्याच्या हाताची ती सही असते. रंग तर अजिबात देऊ नका. उडालेल्या रंगाखाली दुसऱ्या मालकाचा नंबर असू शकतो.

इंजिन फिरवून बघायचं असेल तर आधी सगळे स्पार्क प्लग काढा. हे फक्त सोपं जावं म्हणून नाही, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारा भाग) जिवंत असेल आणि आत थोडं इंधन शिल्लक असेल तर हाताने फिरवतानाही इंजिन पेटून झटका बसू शकतो. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग फ्लायव्हील हाताने हळू हलवा, अडलं तर जोर लावू नका. एरंडेलावर चाललेलं इंजिन वर्षानुवर्षं पडून राहिलं की आत तपकिरी चिकट लाखेसारखा थर बसतो आणि पिस्टन गंजलाय असं वाटतं, प्रत्यक्षात तो नुसता चिकटलेला असतो. त्यावर रॉकेल-डिझेल ओतून फारसं काही होत नाही, एरंडेल त्यात नीट विरघळत नाही, स्पिरिटसारखं अल्कोहोल आणि हलकी ऊब लागते, आणि खूप धीर. माझे वडील कोल्हापूरला शिरोलीत पंपाच्या कामात होते, ते म्हणायचे अडलेल्या यंत्राला रात्र द्यावी. आजोबांच्या मोटरीला आम्ही अकरा रात्री दिल्या. बाराव्या दिवशी सकाळी ती अर्धा फेरा फिरली, आणि ओल्या कातड्यासारखा सुटल्याचा आवाज आला.

चालू करायचा मोह होईल. मर्क्युरीच्या रेसिंग मोटरीला खाली क्विकसिल्व्हर नावाचा बारीक लोअर युनिट (पाण्यात बुडणारा, प्रोपेलर असलेला भाग) असेल तर त्यात पाण्याचा पंपच नसतो, होडी पळताना प्रोपेलरच्या मागचं पाणी जोराने तोंडात घुसतं तेच इंजिन थंड ठेवतं. म्हणजे पिंपात बुडवून चालवली तर काही क्षणांत भाजते. जाणकार माणूस बरोबर नसेल तर चालवूच नका. आणि मिथेनॉल हाताळत असाल तर दुप्पट सावध, ते विषारी आहे, कातडीतून जातं, आणि त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. पिटमधे माणूस नाचायला लागला तर आधी पाणी टाकायचे, कारण पेटलंय हे डोळ्यांना कळायचंच नाही, असं आजोबांनी सांगितलं तेव्हा ते स्वतःचा हात चोळत होते.

शेवटी कागद. सगळे ट्रॉफ्या आणि फोटोंच्या मागे लागतात, मी म्हणेन गुणांच्या वह्या शोधा. एका क्लासच्या साधारण दोन हीट व्हायच्या आणि गुण असे: पहिल्याला ४००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २२५, मग १६९, १२७, ९५, म्हणजे दरवेळी मागच्याच्या पाऊणपट. हे माहीत असलं की नुसत्या आकड्यांच्या पानावरून पूर्ण दुपार वाचता येते. कोणाच्या नावापुढे ४०० आणि शून्य असेल तर पहिली हीट जिंकला आणि दुसरीत उलटला, बंद पडला किंवा घड्याळाच्या आधी लाइन ओलांडली. मग तेवढंच विचारायचं, दुसऱ्या हीटला काय झालं. याहून चांगला प्रश्न मला अजून सापडलेला नाही.

आणि या वह्या लिहायच्या कोण, तर बायका. आजोबा पाण्यात असताना आजी किनाऱ्यावर स्टॉपवॉच घेऊन बसायच्या. त्या गेल्या आठ वर्षांपूर्वी, त्यांना विचारायचं राहूनच गेलं, पण स्पायरलच्या सात वह्या स्वयंपाकघरातल्या खणात, पाककृतींच्या खाली मिळाल्या. प्रत्येक हीट, प्रत्येक होडीचा नंबर, वारा कुठून होता ते, आणि जिथे आजोबा उलटले तिथे नुसता एक गोल काढून पुढे वेळ, किती सेकंदांनी डोकं वर आलं ती. आजोबांनी त्या कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. मी गोलावर बोट ठेवलं तर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ती मोजत होती हे मला माहीत नव्हतं.

स्कॅन करताना मागची पानंही सोडू नका. आजींच्या तिसऱ्या वहीच्या मागे पेन्सिलने यादी आहे: अंडी, ब्रेड, बर्फ, बीन ऑइल एक गॅलन, याच्यासाठी कोरडे मोजे.